ऑपरेटिंग सिस्टीम बदलण्यापूर्वी आधी कामाची यादी करा

आज लहानशा छापखान्यातही संगणक तराजूइतकाच गरजेचा झाला आहे. तराजू बापाकडून मुलाकडे येतो आणि चालत राहतो. संगणकाची ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे त्याचे सर्व भाग चालविणारी मूळ व्यवस्था, मात्र काही वर्षांनी जुनी ठरते. मग ग्राहक पाठवितो ती फाइल उघडत नाही, कराचे संकेतस्थळ चालत नाही आणि बदल करणे भाग पडते. हा बदल नुकसान न होता कसा करावा, याविषयी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांसाठी काही माहिती येथे देत आहोत.

बदल का करावा लागतो?

मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज एक्सपीला ८ एप्रिल २०१४ पासून, विंडोज ७ ला १४ जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून नियमित सहाय्य देणे बंद केले. याचा अर्थ संगणक त्या दिवशी बंद पडतो असा नव्हे. त्यातील सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त होणे थांबते. विंडोज १० च्या नोंदणी केलेल्या ग्राहकांना त्यानंतरही सुरक्षेच्या दुरुस्त्या देण्याची सोय कंपनीने ठेवली, पण ती तात्पुरती आहे.

अशा दुरुस्तीचे मोल मे २०१७ मध्ये दिसून आले. वॉनाक्राय नावाच्या विषाणूने जगभरातील दोन लाखांहून अधिक संगणकांतील फाइली कुलूपबंद करून खंडणी मागितली. कंपनीने दोन महिने आधीच दुरुस्ती दिली होती. ती ज्यांनी बसविली नव्हती, तेच प्रामुख्याने बळी पडले. आपल्या संगणकात उधारीचा हिशेब असतो आणि गिऱ्हाइकांचे नमुने असतात. ही दुसऱ्यांची अमानत आहे, हे विसरता कामा नये.

हिशेबाचे काम

पुष्कळ लोक आधी नवा संगणक घेतात आणि मग आपले सॉफ्टवेअर त्यावर चालते का ते पाहतात. क्रम उलट हवा. एका वहीत तीन रकाने आखावेत: काम, त्याचे सॉफ्टवेअर आणि त्याला जोडलेले यंत्र.

टॅली हे विंडोजसाठी बनविलेले सॉफ्टवेअर आहे, त्यामुळे नव्या विंडोजवर फारशी अडचण येत नाही. डॉसच्या काळात बनवून घेतलेले हिशेबाचे प्रोग्रॅम मात्र ६४ बिटच्या विंडोजवर थेट चालत नाहीत, आणि विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच मिळते. अशा जुन्या खात्यांचे उतारे आधीच छापून घ्यावेत. अलीकडची खातीही नव्या संगणकावर उघडतात याची खात्री करावी, कारण जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने सांभाळावी लागतात.

छपाईचे काम

उर्दू छपाई करणाऱ्यांनी विशेष जपावे. १९९४ मध्ये आलेल्या इनपेजने नस्तालीक लिपी टेबलावरच्या संगणकावर आणली. परंतु त्याच्या जुन्या आवृत्त्यांतील मजकूर युनिकोडमध्ये नसतो. जुन्या मराठी फॉन्टचेही तसेच आहे. फॉन्ट नसेल तर मराठीच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसतात. म्हणून फाइलींबरोबर फॉन्टही जपून ठेवावेत आणि तयार पानांची पीडीएफ करून घ्यावी.

मजकूर युनिकोडमध्ये बदलल्यावर जोडाक्षरे व जेर-जबर पुन्हा तपासावेत. पवित्र कुरआनची आयत असेल तर आलिमांनी वाचल्याशिवाय छापूच नये. यंत्राने केलेल्या चुकीची जबाबदारी छापणाऱ्यावरच येते.

लिनक्स घ्यावे काय?

१९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी सुरू केलेले लिनक्स आज मोफत मिळते. त्याच्या काही हलक्या आवृत्त्या जुन्या संगणकावरही चालतात. पत्रव्यवहार, साधी बिले आणि इंटरनेट एवढेच काम असेल तर लिनक्स व लिबरऑफिस पुरेसे आहे. युनिकोडमधील मराठी आणि उर्दू त्यावर चांगली लिहिता येते. परंतु टॅली, इनपेज आणि कोरलड्रॉ यांच्या सध्याच्या आवृत्त्या लिनक्ससाठी नाहीत. ज्यांची रोजी यांवर चालते, त्यांना फुकटची व्यवस्था महाग पडू शकते.

तरीही पैसे वाचविण्यासाठी चोरीची प्रत बसविणे योग्य नव्हे. अशा प्रतींतून विषाणू येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब प्रमाणे जाणूनबुजून त्यांचा वापर करणे गुन्हा आहे. शिवाय आपल्या हातच्या कामाची मजुरी कोणी बुडविली तर आपल्याला जे वाटते, तेच सॉफ्टवेअर बनविणाऱ्याला वाटते. परवडत नसेल तर मोफत सॉफ्टवेअर आहेच, आणि तो मार्ग हलाल आहे.

प्रत्यक्ष बदल करताना

१. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी साठवण आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती आपल्या संगणकात आहे का, हे नवा संगणक घेण्यापूर्वी तपासावे.

२. सर्व फाइलींच्या दोन प्रती काढाव्यात, एक दुकानात आणि एक घरी. त्या दुसऱ्या संगणकावर उघडून पाहाव्यात. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

३. प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन, सॉफ्टवेअरचे डोंगल आणि भरतकामाचे यंत्र नव्या व्यवस्थेवर चालेल का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्यावे.

४. रमजान-ईदचा हंगाम, लग्नसराई आणि मार्चअखेर या काळात बदल करू नये.

५. जुना संगणक लगेच विकू नये. त्याचे इंटरनेट काढून तो जुन्या फाइलींसाठी ठेवावा आणि एक महिना दोन्हींवर काम करावे.

बदल करावा लागेल हे ग्राहक आणि सरकार ठरवितात. तो कोणत्या महिन्यात आणि कोणत्या क्रमाने करायचा, हे मात्र आपल्या हातात आहे. संगणक बंद पडण्याची वाट न पाहता वहीतील ते तीन रकाने याच आठवड्यात भरावेत. अल्लाह आपल्या सर्वांच्या व्यवसायात बरकत देवो.