मण्यार की कवड्या?
कोल्हापूरनजीकच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत ओतकामाचे कारखाने, वस्ती आणि शेती एकमेकांना लागून आहेत. रात्री घरात शिरलेला काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप मण्यार समजून मारला जातो. पुष्कळदा तो भिंतीवर चढून पाली खाणारा बिनविषारी कवड्या असतो. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असून शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे नेमके उलट. तिच्या कण्यावरील मोठे षटकोनी खवले ही पक्की खूण खरी. मात्र ती पाहण्याइतके जवळ कोणी जाऊ नये.

मण्यारीचा दंश झोपेत पुष्कळदा कळतही नाही. सूज फारशी नसते; पोटात दुखते, पापण्या जड होतात. अशा वेळी साप शोधण्यात वेळ न दवडता रुग्णास तत्काळ रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांच्या विषावर एकच लस दिली जाते.