माल सरस होता, दार बंद होते

आपल्या समाजातील पहिल्या पिढीचे पगारदार आता शेअर बाजाराकडे वळले आहेत. आयटीतली मुले तर मोबाईलवरून अमेरिकन चिप कंपन्यांचे शेअर घेतात. अमक्या कंपनीची सर्व्हर चिप सरस आहे, आता ती इंटेलचा बाजार खाणार, एवढ्या बोलण्यावर पैसे गुंततात. माल सरस असला की बाजार मिळतो, हे आम्हाला मान्य नाही.

एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन हा सर्व्हर प्रोसेसर आणला. जुने सॉफ्टवेअर तसेच चालवून त्याने ६४ बिटची सोय दिली. पुढे इंटेललाही तीच वाट धरावी लागली. तरीही डेलने ऑप्टेरॉनचे सर्व्हर विकायला २००६ साल उजाडले. का? एएमडीची चिप वापरू नये म्हणून इंटेल डेलला पैसे देत होती आणि डेलने ते भागधारकांपासून लपवले, असा आरोप अमेरिकेच्या शेअर बाजार नियामकाने ठेवला. डेलने तो कबूल केला नाही, नाकारलाही नाही. २०१० मध्ये १० कोटी डॉलर भरून मोकळी झाली. त्याआधी २००९ मध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन भांडण मिटवले होते. खासगी क्षेत्रात आरक्षण मागितले की ‘येथे फक्त गुणवत्ता चालते’ असे ऐकवणाऱ्यांनी हा हिशेब जरूर वाचावा.

एएमडी ही काही शोषितांची कंपनी नव्हे, तीही भांडवलदारांचीच. पण दाराची गोष्ट आपल्याला नवी नाही. कोलंबियात अर्थशास्त्र शिकून आलेल्या बाबासाहेबांनी मुंबईत शेअर-गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली.

एएमडीच्या चुकाही होत्याच. २००७ च्या बार्सिलोना चिपमध्ये दोष निघाला, पुरवठा रखडला. २००६ च्या सुरुवातीला ४० डॉलरवर गेलेला शेअर २०१५ मध्ये २ डॉलरखाली आला. २०१७ मध्ये एपिक चिप आली, पण जुना भाव पुन्हा दिसायला २०१९ संपत आले.

सुमारे १४ वर्षे! एवढे कोण थांबू शकतो? ज्याच्या पाठीशी आजोबांची जमीन आणि वडिलांची पेढी आहे तो. आपला मुलगा घराचा हप्ता, भावंडांची फी, गावाकडचे आजारपण भागवतो. २ डॉलरला विकायची पाळी त्याच्यावरच येते.

तेव्हा चिपचा वेग नंतर पाहा. ती कोणत्या सर्व्हरवाल्यांनी घेतली आणि कंपनीवर कर्ज किती, हे वार्षिक अहवालात आधी वाचा. फीचे पैसे बँकेतच राहू द्या.