रेवदंड्याची सहल आणि भरती-ओहोटीचा पाठ

पिंप्राळ्याकडील मुलांना पाण्याची ओळख असते ती गिरणेच्या पात्रातून. गिरणेचे पाणी पावसाळ्यात चढते, उन्हाळ्यात आटते. परंतु वाहते ते एकाच दिशेने, तापीकडे. समुद्राचे पाणी मात्र दिवसातून दोनदा चढते व दोनदा उतरते, आणि खाडीत ते उलट दिशेनेही वाहते. खानदेशातील शाळांची सहल कोकणात न्यावयाची असल्यास हा भेद मुलांना निघण्यापूर्वीच समजलेला असावा. त्यावाचून तेथील इतिहास उमगत नाही आणि तेथील धोकाही कळत नाही.

या दृष्टीने रायगड जिल्ह्यातील रेवदंडा हे गाव उत्तम उदाहरण होय. अलिबागेच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरांवर, कुंडलिका नदीच्या मुखाशी ते वसले आहे. त्यास लागूनच असलेले चौल हे प्राचीन बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत त्याचे नाव ‘चेमुल’ असे येते; ग्रीक भूगोलकारांनी व अरब प्रवाशांनीही त्याची नोंद केली आहे. पंधराव्या शतकात निकितीन हा रशियन व्यापारी येथेच भारताच्या भूमीवर उतरला. पुढे पोर्तुगिजांनी १५१६ मध्ये येथे वखार घातली व त्यानंतर किल्ला बांधला. १५७०-७१ मध्ये अहमदनगरच्या निजामशाही फौजेने त्यास वेढा दिला, पण तो हाती आला नाही. १७४० मध्ये ते ठाणे मराठ्यांकडे आले. आज तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या असून, त्यांत पडक्या चर्चच्या भिंती व सातखणी मनोरा उभा आहे. खाडीपलीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो. कोर्लई गावातील काही कुटुंबे पोर्तुगीज व मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घरी बोलतात.

खाडीच्या दोन्ही तीरांवर किल्ले का, हा प्रश्न मुलांना विचारावा. भरतीच्या पाण्याबरोबर गलबते खाडीत शिरत व ओहोटीबरोबर बाहेर पडत. म्हणून ज्याच्या हाती मुख, त्याच्या हाती बंदर. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे वळला आणि चौलचे वैभव ओसरले.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरील लोकांची रीत गणिताच्या तासास उपयुक्त आहे. तिथीची पाऊणपट केली असता भरतीची वेळ स्थूल मानाने मिळते. पंचमीस पाचाची पाऊणपट, म्हणजे पावणेचार, अष्टमीस सहा. त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी असते. भरती रोज सुमारे पाऊण तास उशिरा येते, कारण चंद्रही तितकाच उशिरा उगवतो. अमावास्या व पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्य व चंद्र यांची ओढ एकवटते आणि पाणी अधिक चढते-उतरते. त्यास उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ते कमी असते, तो भांग. अर्थात हा अंदाज आहे. प्रत्यक्ष वेळ स्थानिक कोळीबांधवांस विचारूनच निश्चित करावी.

पोहता येणारा मुलगाही समुद्रात सुरक्षित नसतो, हे शिक्षकांनी ध्यानी ठेवावे. ओहोटीचे पाणी मनुष्यास आत ओढते. चढती भरती खडकावर उभ्या असलेल्यास मागून वेढते. १ फेब्रुवारी २०१६ रोजी जवळच्याच मुरुड येथे सहलीस आलेल्या दहांहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा बुडून अंत झाला. ती मुले वयाने मोठी होती. प्राथमिक शाळेतील मुलांविषयी तर अधिकच दक्षता हवी. म्हणून :

१. सहलीस लेखी परवानगी घ्यावी व किनाऱ्यासंबंधीचे नियम आधी पाहावेत.
२. मुलांना पाण्यात उतरू देऊ नये. समुद्र तटावरून व कोरड्या वाळूवरून दाखवावा.
३. मुलांच्या तुकड्या पाडून प्रत्येकीवर एक शिक्षक नेमावा. शिक्षकाने मुले व पाणी यांच्यामध्ये उभे राहावे.
४. किनाऱ्यावर येताना, निघताना व मध्यंतरी शिरगणती करावी.

भरती कळण्यासाठी पाण्यात शिरण्याची गरज नाही. किनाऱ्यावर पोहोचताच पाण्याच्या रेषेपासून दूर, कोरड्या वाळूत शिक्षकाने एक काठी रोवावी व तेथून पाण्यापर्यंतचे अंतर मुलांकडून अंदाजाने लिहून घ्यावे. तासाभराने पुन्हा लिहावे. शाळेत परतल्यावर त्या आकड्यांचा तक्ता करावा. ज्या शाळांना सहल शक्य नाही, त्यांनी नकाशा व पंचांग समोर ठेवून हाच पाठ वर्गात घ्यावा.