हट्ट नव्हे, पोट दुखतंय

आजचा विषय थोडा अवघडल्यासारखा वाटेल. विषय आहे शीचा. बचत गटाच्या बैठकीत आपण हप्त्यांचं बोलतो, सासूचं बोलतो, पण मुलाचं पोट साफ होतं का हे कुणी काढत नाही. ज्या घरात मुलाची वाढ मागे आहे, तिथं तर हे आधी विचारायला हवं.

इथं रहाटणीत आमच्या गल्लीत एक ताई राहतात. कुटुंब मूळचं मराठवाड्यातलं, नवरा चाकणला कंपनीत, शिफ्ट दर आठवड्याला बदलते. मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला. बोलत नाही. गेल्या वर्षी तो रात्री उठून रडायला लागला, स्वतःला चावायला लागला, खाटेच्या कडेवर पोट दाबून पालथा पडायला लागला. कुणी म्हणालं आजार वाढला, कुणी म्हणालं नजर लागली. थेरपीला तो बसेचना, म्हणून तीही सुटली. मग एका ठिकाणी सांगितलं, आतड्यातली घाण मेंदूत चढलीय, आतडी धुतली की पोरगं बोलेल. ताईंनी गटातून कर्ज उचललं. पावडरी आल्या, दूध-चपाती बंद झाली. मुलगा वाळला, बोलला मात्र नाही.

पुढं एका बालरोगतज्ज्ञ बाईंनी नुसतं पोट चाचपून पाहिलं. आतडं कडक शीनं भरलेलं होतं. ताई म्हणाल्या, “अहो, पण याची तर चड्डी रोज पातळ शीनं भरते!” तीच तर खूण होती. खडा अडकून बसतो आणि त्याच्या कडेनं पातळ शी झिरपते. आईला वाटतं हगवण लागली, आणि ती हगवण थांबवायचं औषध देते.

हे चक्र कसं फिरतं बघा. एकदा शी कडक झाली की दुखतं. दुखतं म्हणून मूल ती धरून ठेवतं. धरून ठेवली की आतडं तिच्यातलं पाणी शोषून घेतं, ती आणखी कडक होते. बोलणारं मूल “आई, दुखतंय” म्हणतं. न बोलणारं चावतं, डोकं आपटतं, जेवत नाही, झोपत नाही. आपण त्याला हट्टी म्हणतो. स्वमग्न मुलं ठरावीक चारच पदार्थ खातात, बरीचशी बिस्किटं आणि दुधावर असतात. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांची हालचाल कमी, चावणं-गिळणं अवघड, पाणीही पोटात कमी जातं. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, शिवाय थायरॉईड कमी असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याची रक्ततपासणी करायची.

आठवड्यात दोनदा किंवा त्याहून कमी शी होत असेल, किंवा होताना मूल रडत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल अशी औषधं देतात. आधी अडकलेलं साफ करायचं, मग काही महिने औषध चालू ठेवायचं. “सवय लागेल” म्हणून आठ दिवसांत बंद केलं की पुन्हा तेच. साबणाची कांडी मात्र लावू नका, आतली नाजूक कातडी भाजते. शीत रक्त, पोट फुगणं, हिरवी उलटी, वजन उतरणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका.

घरी काय करायचं? जेवणानंतर आतडं आपोआप हलतं, म्हणून वीसेक मिनिटांनी मुलाला पाच-दहा मिनिटं बसवा. कमोड असेल तर पायाखाली पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले पाहिजेत. शिफ्टच्या घरात सकाळी हे जमत नाही, मग रात्रीच्या जेवणानंतर बसवा, पण वेळ रोज तीच ठेवा. दूध दिवसाला अर्ध्या लिटरच्या आत. पेरू, पपई, भिजवलेल्या मनुका, मुगाची डाळ, भाकरी हे थोडं थोडं वाढवा, सोबत पाणी द्या. नवा पदार्थ ओळखीच्या घासाशेजारी नुसता ठेवला तरी सुरुवात होते. मानेवर ताबा नसलेल्या मुलाला आडवं करून भरवू नका, घास श्वासनलिकेत जातो. त्याला कसं बसवायचं हे थेरपिस्टकडून शिकून घ्या.

आता त्या ‘आतडं बरं म्हणजे मेंदू बरा’वाल्या पावडरींबद्दल. स्वमग्न मुलांच्या आतड्यातले जंतू वेगळे असतात, असं सांगून त्या विकतात. ऑस्ट्रेलियात २४७ मुलांचा अभ्यास झाला, तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं ते उलटं: मूल मोजकंच खातं म्हणून जंतूंमध्ये फरक पडतो. गहू-दूध बंद करून स्वमग्नता कमी होते, असंही संशोधनातून सिद्ध झालेलं नाही. गव्हाचा खरा आजार, सीलिअ‍ॅक, वेगळा. त्याची रक्ततपासणी गहू चालू असतानाच करावी लागते, आधी बंद केला तर आजार लपतो.

पोट हलकं झालं की मूल थेरपीला बसतं, एवढं नक्की. बोलायला शिकवणं, हाताचं काम शिकवणं, व्यायाम, हे त्यानंतर सावकाश चालतं. त्या ताईंचा मुलगा आता रात्री झोपतो, पुन्हा थेरपीला जातो. बोलत नाही अजून, पण पोटावर हात ठेवून आईला दाखवतो. हे त्याला चित्रांच्या कार्डांवरून शिकवलं. कर्जाचे हप्ते चालू आहेत.

तपासणीसाठी पैसे लागतीलच असं नाही. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका, आणि शीबद्दल स्वतःहून सांगा, ते विचारतीलच असं नाही. पथक पुढे जिल्ह्याच्या डीईआयसी केंद्राकडे पाठवतं. आमच्या भागातल्या बायकांना पिंपरीचं वायसीएम रुग्णालय जवळ पडतं. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्यांसाठी निरामय विमा आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची नोंद न्या: शी कोणत्या दिवशी झाली, कशी होती, त्या दिवशी मूल किती चिडलं. कॅलेंडरवर खूण केली तरी चालेल. दिव्यांग प्रमाणपत्राचे कागद कोणते लागतात, ते पुढच्या भागात.