पुढच्या चाकांचा प्रश्न : सलग ॲक्सल की स्वतंत्र सस्पेन्शन?

फोर बाय फोर गाडी घेण्यासाठी शोरूममध्ये गेलेला ग्राहक इंजिनाची ताकद विचारतो, छत उघडते का ते पाहतो आणि रंगावरून घरच्यांशी हुज्जत घालतो. पुढच्या बंपरखाली वाकून पाहणारा मात्र विरळाच. वास्तविक रविवारी मुळशीकडच्या दगडगोट्यांच्या वाटेवर ही गाडी कशी चढेल आणि उरलेले सहा दिवस शहरातील खड्ड्यांतून व द्रुतगती मार्गावरून कशी धावेल, याचे बरेचसे उत्तर तिथेच दडलेले असते. पुढची दोन चाके एकाच सलग ॲक्सलने जोडलेली आहेत की प्रत्येक चाकाला स्वतंत्र सस्पेन्शन आहे, हा तो प्रश्न. ही निवड चुकली तर नंतर ती सुधारणे खर्चिक असते आणि कायद्याच्या दृष्टीनेही अडचणीचे ठरू शकते.

रचनेतील फरक

सलग ॲक्सल समजून घेण्यासाठी बैलगाडीचा आस डोळ्यांपुढे आणावा. एक चाक दगडावर चढले की संपूर्ण आस तिरका होतो. मोटारीत या पोलादी नळीच्या पोटातच चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल असते. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये डिफरन्शियल गाडीच्या सांगाड्याला पक्के बसवलेले असते. तिथून निघालेले दोन आखूड दांडे वळणाऱ्या जोडांच्या साह्याने चाकांना फिरवतात आणि डावे चाक वर-खाली झाले तरी उजव्याला त्याची फारशी झळ लागत नाही.

खडकाळ चढावर सलग ॲक्सलचे महत्त्व कळते. एक चाक वर उचलले गेले की तरफेप्रमाणे दुसरे खाली दाबले जाते आणि जमिनीवरची पकड टिकून राहते. हे महत्त्वाचे आहे, कारण साध्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हवेत लटकले की तेच गरगर फिरू लागते आणि जमिनीवरच्या चाकाला ओढ मिळत नाही. दुसरा फायदा उंचीचा. ॲक्सल चाकांबरोबरच वर-खाली होत असल्याने त्याच्या मध्यभागाचे जमिनीपासूनचे अंतर जवळपास कायम राहते. स्वतंत्र रचनेत गाडी आदळून स्प्रिंग दबली की सांगाड्यासह डिफरन्शियलही खाली येते आणि नेमक्या त्याच क्षणी दगड लागण्याचा धोका वाढतो. शिवाय दांड्यांच्या जोडांवरील रबरी आवरण फाटले की आत चिखल शिरतो आणि जोड खराब होतो.

वेग वाढला की चित्र पालटते. सलग ॲक्सलचे सारे वजन स्प्रिंगच्या खाली, म्हणजे चाकांबरोबर उसळणारे असते. खड्ड्यात एका चाकाला बसलेला धक्का दुसऱ्या चाकापर्यंत आणि स्टिअरिंगपर्यंत पोहोचतो. जोड झिजलेले असतील किंवा चाकांचा समतोल बिघडलेला असेल, तर वेगात पुढची दोन्ही चाके जोराने थरथरू लागण्याचा प्रकारही अशा गाड्यांत घडतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये उसळणारे वजन कमी असल्याने चाक रस्त्याला अधिक चिकटून राहते, वळणावर गाडी स्थिर राहते आणि लांबच्या प्रवासात प्रवासी कमी थकतात.

बाजार कुठे वळला?

जुन्या विलीस वळणाच्या जीप आणि मारुती जिप्सी यांना पुढे-मागे सलग ॲक्सल आणि पाट्यांच्या स्प्रिंग होत्या. महिंद्राने २०१० मध्ये आणलेल्या ‘थार’मध्ये पुढे स्वतंत्र सस्पेन्शन दिले, मागे मात्र पाटे कायम ठेवले. नाशिकच्या कारखान्यात तयार होणाऱ्या २०२० च्या ‘थार’मध्ये पुढे स्वतंत्र रचना आणि मागे कॉइल स्प्रिंगवरचा सलग ॲक्सल असा मेळ घालण्यात आला. फोर्स मोटर्सच्या २०२१ च्या ‘गुरखा’नेही हाच मार्ग धरला, पण पुढचे आणि मागचे अशी दोन्ही डिफरन्शियल लॉक करण्याची सोय दिली. याउलट मारुतीची २०२३ मध्ये भारतात आलेली ‘जिम्नी’ आणि जीपची ‘रँग्लर’ यांनी दोन्हीकडे सलग ॲक्सलच ठेवला.

परदेशातही कल असाच आहे. टोयोटाच्या ‘लँड क्रूझर’च्या मुख्य मालिकेने १९९८ मध्ये, तर मर्सिडीजच्या ‘जी क्लास’ने २०१८ मध्ये पुढचा सलग ॲक्सल सोडला. ‘लँड क्रूझर’च्या कष्टाच्या कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या ७० मालिकेत मात्र तो टिकून आहे. कंपन्यांच्या या बदलामागचा हिशेब उघड आहे. या गाड्यांचे बहुतांश आयुष्य डांबरी रस्त्यावर जाते आणि पकडीची उणीव लॉक होणारे डिफरन्शियल किंवा घसरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बऱ्याच अंशी भरून काढते.

निवड कशी करावी?

ग्राहकाने आधी आपल्या किलोमीटरचा प्रामाणिक हिशेब मांडावा. वर्षभराचा बहुतेक प्रवास महामार्गावर, कुटुंबासह आणि वेगाने होणार असेल, तर पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेली गाडी अधिक सुरक्षित आणि सुखाची. मुरमाड रस्ते, शेतवाटा आणि पावसाळी चिखल यांनाही ती, चांगले टायर असतील तर, पुरून उरते. मोठे दगड, खोल घळी आणि चालण्याच्या वेगाने करावयाची चढाई हाच ज्याचा नियमित छंद आहे, त्याने सलग ॲक्सलचा विचार करावा आणि महामार्गावर वेगाला आवर घालावा. गाडीत चारही चाकांना ताकद देण्याची सोय आहे का, हेही तपासावे, कारण ‘थार’ २०२३ पासून केवळ मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळू लागली. पुढच्या चाकांना ताकदच मिळत नसेल, तर खडकाळ चढावर त्यांच्या सस्पेन्शनचा वाद फारसा उरत नाही.

‘आधी गाडी घेऊ, मग गॅरेजमध्ये उंची वाढवून घेऊ किंवा ॲक्सलच बदलू’ हा विचार धोक्याचा आहे. स्वतंत्र सस्पेन्शनची गाडी प्रमाणाबाहेर उचलली की दांड्यांच्या जोडांचा कोन वाढतो आणि ते लवकर झिजतात. गुरुत्वमध्य वर गेल्याने गाडी उलटण्याचा धोकाही वाढतो. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनाच्या मूळ रचनेत मनमानी बदल करण्यास मज्जाव करते आणि सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये याबाबत कठोर भूमिका घेतली. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडण्याची शक्यता राहते, ती वेगळीच.

म्हणूनच चाचणीसाठी गाडी चालवताना गुळगुळीत रस्त्यावरच्या एका फेरीवर समाधान मानू नये. विक्रेत्याला विनंती करून एखादा खड्ड्यांचा, उंचसखल रस्ताही घ्यावा, स्टिअरिंगला बसणारे धक्के हाताने जोखावेत, मागच्या आसनावरही बसून पाहावे आणि सही करण्यापूर्वी एकदा तरी पुढच्या बंपरखाली वाकून पाहावे.