एका दिवसाची यात्रा : सासवड आणि जेजुरी

आजचा माझा विषय सहलीचा आहे. परंतु ही सहल थंड हवेच्या ठिकाणाची अथवा धबधब्याची नव्हे. शहरापासून तीस-पन्नास किलोमीटरांवर असलेले एखादे जुने गाव व तेथे परंपरेने चालत आलेला उत्सव, ही एखाद्या जाणत्या मनुष्याच्या संगतीने पाहावयाची आणि रात्री घरी परतावयाचे, असा तिचा बेत असतो. आम्हां विश्रांतवाडीच्या रहिवाशांना अशा उत्सवाचे दर्शन दरसाल दारातच घडते. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून निघाली, की दिघीवरून आमच्याच रस्त्याने ती पुण्यात येते. आम्ही दुतर्फा उभे राहून हात जोडतो आणि पालखी पुढे गेली की आपापल्या कामाला लागतो. तीच पालखी पुण्याचा मुक्काम आटोपून दिवेघाट चढते आणि सासवड व जेजुरी या गावी उतरते. या दोन गावांकडे शहरातल्या माणसाने कोणत्या दिवशी, कोणाबरोबर आणि कोणत्या वृत्तीने जावे, याचा आज विचार करू.

पहिली गोष्ट दिवसाच्या निवडीची. गाव पाहावयाचा दिवस आणि उत्सव पाहावयाचा दिवस हे निरनिराळे असावेत. उत्सवाच्या दिवशी गल्लीबोळांतून माणसांची इतकी दाटी असते, की भिंतीवरचे शिल्प किंवा दरवाजावरचा शिलालेख पाहण्यास पाऊल थांबविता येत नाही. उलटपक्षी, एरवीच्या दिवशी गेल्यास दगड दिसतात. ते ज्यांच्यासाठी रचले, ती माणसे मात्र दिसत नाहीत. तेव्हा दोन फेऱ्या कराव्यात हे उत्तम.

पहिली फेरी साध्या दिवशी, शक्यतो हिवाळ्यात करावी. सकाळी लवकर निघून हडपसरवरून दिवेघाट चढला, म्हणजे उन्हे तापण्यापूर्वी सासवड गाठता येते. पुण्यापासून हे अंतर सुमारे 30 किलोमीटर आहे. कऱ्हा आणि चांबळी या नद्यांच्या संगमावर संगमेश्वराचे देवालय आहे. काळ्या दगडाच्या पायऱ्यांवर घटकाभर बसले, तर गाव येथेच का वसले हे सांगावे लागत नाही. गावात ज्ञानदेवांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी आहे. आषाढीच्या वारीत सोपानकाकांची पालखी येथूनच पंढरीस निघते.

पण सासवडचे दुसरे महत्त्व पुणेकरांनी विशेष ध्यानात घ्यावे. पुण्याचे भाग्य उजाडण्यापूर्वी पेशव्यांचे बिऱ्हाड येथे होते. पेशवे बाळाजी विश्वनाथ 1720 साली सासवडलाच निवर्तले आणि त्यांची समाधी येथे आहे. शनिवारवाड्याचा पाया त्यानंतर दहा वर्षांनी, 1730 मध्ये घातला गेला. येथील पुरंदरे सरदारांच्या वाड्याचा तट व बुरूज पाहताना शनिवारवाड्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. नैर्ऋत्येस पुरंदरचा किल्ला दिसतो. संभाजीराजांचा जन्म तेथे 1657 साली झाला, आणि 1665 साली मिर्झाराजे जयसिंगाशी शिवाजीमहाराजांनी केलेला तह त्याच किल्ल्याच्या नावाने ओळखला जातो. एका दिवसात किल्ला चढण्याचा हव्यास मात्र धरू नये. चार ठिकाणे धावत पाहण्यापेक्षा दोन ठिकाणे बसून पाहावीत.

दुपारचे जेवण उरकून जेजुरीस निघावे. सासवडपासून ती सतरा-अठरा किलोमीटरांवर आहे. पुणे-मिरज लोहमार्गावर तिचे स्थानकही आहे. खंडोबाचे मूळ स्थान कडेपठार; ते उंच डोंगरावर आहे. आज बहुसंख्य यात्रेकरू ज्या गडावर जातात, तो त्याच्या खालच्या टेकडीवरचा गडकोट होय. वाटेवरच्या दगडी कमानी आणि दीपमाळा या नवस फेडणाऱ्यांनी उभारलेल्या आहेत. होळकर घराण्याचे हे कुलदैवत असल्यामुळे त्या घराण्याचा हात येथे जागोजाग दिसतो. देवालयासमोरच्या मोठ्या पितळी कासवाजवळ उभे राहून भक्त भंडारा, म्हणजे हळदीची पूड, उधळतात. कवी अरुण कोलटकर यांचा या गावावरचा इंग्रजी काव्यसंग्रह 1976 साली प्रसिद्ध झाला व पुढल्या वर्षी त्यास राष्ट्रकुलाचे पारितोषिक मिळाले. त्यामुळे हे गाव परदेशी वाचकांसही ठाऊक झाले.

दुसरी फेरी उत्सवाची. तिच्यात केवळ जेजुरीच करावी. अमावस्या सोमवारी आली म्हणजे सोमवती होते. हा योग वर्षातून साधारणतः एकदा-दोनदा, क्वचित तीनदा येतो. त्या दिवशी देवाची पालखी गडावरून उतरते, कऱ्हेवर देवाला स्नान घालतात आणि पालखी पुन्हा गडावर परतते. पालखी केव्हा निघावयाची हे पर्वकाळावर अवलंबून असते. म्हणून ती वेळ आधी गावात विचारूनच घरातून निघावे. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेपासून षष्ठीपर्यंत चंपाषष्ठीचा उत्सव चालतो. मणी व मल्ल या दैत्यांवर देवाने मिळविलेल्या विजयाचे हे स्मरण आहे. चातुर्मासात वर्ज्य केलेली वांगी अनेक घरांत याच दिवशी प्रथम ताटात येतात आणि देवाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवितात. पौष पौर्णिमेस येथे गाढवांचा बाजार भरतो. वैदू, बेलदार, कुंभार अशा, जनावराच्या पाठीवर संसार चालविणाऱ्या जमातींचा हा परंपरेचा मेळावा आहे. गाढवांची कामे यंत्रांनी घेतल्यामुळे तो बाजार आता ओसरत चालला आहे. ज्याला पाहावयाचा त्याने फार दिरंगाई करू नये.

आता वाटाड्याविषयी. बरोबरचा मनुष्य केवळ वाट दाखविणारा असून भागत नाही. पालखीला खांदा देण्याचा मान कोणाचा, सनई-चौघडा वाजविणारे घडशी कोण, देवाची सेवा गुरवांकडे कशी चालत आली, हे गावचाच माणूस सांगू शकतो. म्हणून शहरातून वाटाड्या नेण्यापेक्षा गावातला जाणता मनुष्य गाठावा आणि त्याचे श्रम द्रव्यरूपाने मोकळ्या हाताने पुरवावेत. चांगला वाटाड्या गोड तेवढेच सांगत नाही. वाघ्या-मुरळीचे जागरण ऐकताना, एके काळी लहान मुली देवाला वाहून त्यांच्या आयुष्याची माती केली जात असे, हेही त्याने सांगितले पाहिजे. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी या चालीविरुद्ध आवाज उठविला. 1934 साली मुंबई इलाख्यात आणि 2005 साली महाराष्ट्र राज्यात तिच्याविरुद्ध कायदे झाले. जागरणातले गाणे मधुर आहे, पण त्यामागचे दुःख ठाऊक असल्यावाचून ते पुरते ऐकले असे होत नाही.

शहरी पाहुण्यांची संख्या बेसुमार झाली म्हणजे काय होते, याचे उदाहरण स्पेन देशात आहे. वलेन्सिया प्रांतात बुन्योल नावाचे गाव आहे; वस्ती दहा हजारांच्या आसपास. तेथे ऑगस्टच्या अखेरच्या बुधवारी लोक एकमेकांवर टोमॅटो फेकतात. 1940 नंतरच्या दशकात गावातल्या पोरांच्या खोडीतून निघालेला हा खेळ जगभर गाजला, शहरांतून मोटारी भरभरून लोक येऊ लागले आणि गावाच्या कितीतरी पट गर्दी अरुंद गल्ल्यांत कोंबली गेली. शेवटी 2013 पासून तिकीट लावून संख्येला सुमारे वीस हजारांची मर्यादा घालावी लागली. आपल्या सोमवतीस तिकीट लावणे कोणासच रुचणार नाही, कारण ती मौज नसून नवस आहे. दूरच्या खेड्यातून भाकरी बांधून आलेल्या म्हातारीची गडावरची जागा आपण छायाचित्रासाठी अडवली, तर तो तिच्यावर अन्यायच होय. त्यामुळे मर्यादा आपली आपणच घालून घेतली पाहिजे.

यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. उत्सवाच्या दिवशी मोटार गावाबाहेर ठेवून पायी जावे. भंडारा घ्यावयाचा तो खऱ्या हळदीचा घ्यावा. आणि बारीक पूड हवेत पेट घेते, म्हणून दिव्याजवळ किंवा पेटत्या दिवटीजवळ तो उधळू नये. पालखीच्या पुढे धावू नये. बाजूस उभे राहून ती जाऊ द्यावी. कोणाचे चित्र घेण्यापूर्वी त्याला विचारावे. आणि जेवण, चहा, प्रसाद, जे काही घ्यावयाचे ते गावातच घ्यावे, म्हणजे आपल्या येण्याचा गावाला काही उपयोग होईल.

घरातील मुलांना या फेऱ्यांस अवश्य न्यावे. पुस्तकातील 1720 आणि 1730 हे दोन आकडे पाठ करून मुले विसरतात. सासवडच्या समाधीपाशी आणि नंतर शनिवारवाड्याच्या दरवाजात उभी राहिली, म्हणजे विसरत नाहीत. पुढल्या ज्येष्ठात पालखी आपल्या रस्त्याने जाईल, तेव्हा ती पुढे कोठे उतरते, तेथील घाट कसा आहे आणि तेथील माणसे कोण, हे आपल्या घरातील निदान एका तरी माणसास स्वतःच्या डोळ्यांनी पाहून ठाऊक असावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.