स्टार्टर फिरतो, पण इंजिन सुरू होत नाही : जुन्या डिझेल पिकअपमधील दोषाचा क्रमवार शोध

भाजीपाला, फळे, फुले आणि दूध या नाशवंत मालाच्या वाहतुकीत वेळेला फार महत्त्व असते. माल भरून ठेवलेली पिकअप पहाटे सुरू झाली नाही, तर लिलावाची वेळ टळते आणि मालाची प्रत घसरते. किल्ली फिरवल्यावर स्टार्टर जोमाने फिरतो, परंतु इंजिन सुरू होत नाही, अशी तक्रार जुन्या वाहनांत वारंवार आढळते. अशा वेळी चालक बहुधा पुन्हा पुन्हा किल्ली फिरवीत राहतो. त्यामुळे बॅटरी उतरते, स्टार्टर तापतो आणि मूळ दोष तसाच राहतो. क्रमाने तपासणी केल्यास बहुसंख्य दोष गोठ्याशेजारी किंवा शेताच्या बांधावरही ओळखता येतात.

पुढील माहिती यांत्रिक डिझेल पंप असलेल्या जुन्या इंजिनांसाठी आहे. कॉमन रेल प्रणालीच्या नव्या वाहनांना ती जशीच्या तशी लागू पडत नाही.

इंजिन सुरू होण्याचे तत्त्व

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दट्ट्याने दाबलेली हवा अतिशय तापते आणि त्या तप्त हवेत नोझलमधून फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. म्हणून पुरेशा वेगाने फिरणे, स्वच्छ हवा, योग्य वेळी मिळणारे डिझेल आणि पुरेसा दाब या चार गोष्टी आवश्यक असतात. यांपैकी एकही कमी पडली, तरी इंजिन सुरू होत नाही.

पहिली खूण : धूर

एका व्यक्तीने स्टार्टर फिरवावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे लक्ष ठेवावे.

- धूर अजिबात येत नसल्यास डिझेल सिलिंडरपर्यंत पोहोचत नाही, असे समजावे.
- डिझेलच्या उग्र वासाचा पांढरा किंवा राखाडी धूर येत असल्यास डिझेल पोहोचते, पण जळत नाही. अशा वेळी उष्णता, फिरण्याचा वेग, दाब किंवा पंपाची वेळ यांत दोष असतो. डिझेलमध्ये पाणी वा पेट्रोल मिसळले असण्याचीही शक्यता असते.

या एका निरीक्षणाने तपासणीचे अर्धे काम वाचते.

धूर नसल्यास

1. टाकीत डिझेल असल्याची प्रत्यक्ष खात्री करावी. जुन्या वाहनाच्या काट्यावर विसंबू नये.
2. टाकीचे झाकण उघडताना हवा आत खेचली गेल्याचा आवाज झाल्यास झाकणाचे श्वासछिद्र बुजलेले असते. ते स्वच्छ करावे.
3. इंजिन बंद करणारी दोरी किंवा स्टॉप सोलेनॉइड तपासावा. दोरी ओढलेल्या स्थितीत अडकली असल्यास डिझेल बंदच राहते. सोलेनॉइड असलेल्या अनेक इंजिनांत किल्ली चालू करताच पंपाजवळ ‘टक्’ असा आवाज येतो. तो न आल्यास फ्यूज आणि वायरची जोडणी पाहावी.
4. फिल्टरखालील निचरा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे. डिझेलपेक्षा जड असल्यामुळे पाणी तळाशी बसते. पाणी किंवा गाळ आढळल्यास निचरा करून फिल्टर बदलावा.
5. शेवटी नळीतील हवा काढावी.

हवा काढण्याची पद्धत

टाकी रिकामी झाल्यावर किंवा फिल्टर बदलल्यावर नळीत हवा शिरते. फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करून हातपंप चालवावा आणि बुडबुडेरहित डिझेल येताच स्क्रू घट्ट करावा. तरीही इंजिन सुरू न झाल्यास नोझलकडील नळ्यांचे नट थोडे सैल करून स्टार्टर फिरवावा आणि डिझेल येऊ लागताच ते पुन्हा आवळावेत. या नळ्यांतील डिझेलची सूक्ष्म धार त्वचेतून आत शिरू शकते. म्हणून हात व डोळे दूर ठेवावेत. धार त्वचेत शिरल्यास जखम लहान दिसली, तरी तत्काळ रुग्णालय गाठावे. कॉमन रेल इंजिनात हे नट कधीही सैल करू नयेत.

हवा काढूनही दुसऱ्या सकाळी तीच अडचण आल्यास टाकी ते पंप या भागात गळती शोधावी. हा भाग ओढीखाली असल्याने भेगेतून डिझेल बाहेर गळण्याऐवजी हवा आत शिरते. त्यामुळे सदोष नळी बाहेरून कोरडीच दिसते. जुन्या रबरी नळ्या, क्लिपा आणि फिल्टरचे वॉशर बदलणे हाच यावर खात्रीचा उपाय आहे.

पांढरा धूर असल्यास

स्टार्टर फिरतो एवढ्याने बॅटरी चांगली ठरत नाही. पूर्ण भारित बॅटरीचा दाब विश्रांतीत सुमारे 12.6 व्होल्ट असतो. स्टार्टर फिरत असताना तो 9.6 व्होल्टच्या खाली गेल्यास बॅटरी, तिची टोके आणि अर्थची वायर तपासावी. हीटर प्लग असलेल्या इंजिनात थंडीच्या दिवसांत प्लग, रिले आणि फ्यूज पाहावेत. धुळीने चोंदलेला एअर फिल्टरही बदलावा. याउपरही दोष राहिल्यास नोझल, पंपाची वेळ व दाब यांची तपासणी कुशल कारागिराकडून करून घ्यावी.

काय टाळावे

- स्टार्टर एका वेळी 10 ते 15 सेकंदांपेक्षा अधिक फिरवू नये. दोन प्रयत्नांत किमान एक ते दोन मिनिटांचे अंतर ठेवावे.
- हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा वापरू नये. त्यामुळे स्फोट होऊन इंजिनाची हानी होऊ शकते.
- इंजिन नेहमीपेक्षा हलके व वेगाने फिरत असल्यास टायमिंग बेल्ट तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी स्टार्टर फिरवणे तत्काळ थांबवावे आणि गाडी ढकलून वा ओढून सुरू करण्याचा प्रयत्न करू नये.

हंगामापूर्वी डिझेल फिल्टर बदलणे, पाण्याचा नियमित निचरा करणे, टाकी रिकामी होऊ न देणे आणि रबरी नळ्या तपासणे या चार सवयींनी असे बरेच प्रसंग टळतात. विस्तार कार्यकर्त्यांनी यंत्र देखभाल प्रशिक्षणात धुराचे निरीक्षण व हवा काढण्याची पद्धत यांचे प्रात्यक्षिक दाखविल्यास शेतकऱ्यांना ऐन हंगामातील खोळंबा टाळता येईल.